कुप्प्याच्या काठीचा शेंडा

वऱ्हाडात कुप्पा म्हटलं की लोक हसायचे. आमच्याकडे, मालवणाखालच्या किनाऱ्यावर, कुप्पा हा मासा. निळी पाठ, भरलेलं गोल अंग, शेपटीपाशी एकदम बारीक, आणि जोर असा की दोरीला लागला तर तळहाताची सालटं काढतो. अकोल्यात मात्र कुप्पा म्हणजे तेलातुपाचं चामडी भांडं. त्यामुळे आम्ही लांब काठीला दोरी बांधून समुद्रात कुप्पे धरतो असं मी तिथं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट झाली.

"तेलाचा कुप्पा पान्यात टाकला कोनं बाप्पा?" एकानं विचारलं.

"कोकनात तेल लय सस्तं असन," दुसऱ्यानं उत्तर दिलं.

हसले त्याचं मला काही नाही. ज्यांनी नदीपलीकडे पाणी पाहिलं नाही त्यांनी समुद्राला हसावं, चालायचंच. माझा राग वेगळा आहे. त्या वर्षांत तिकडे जे कापूस नाही ते काहीच नाही, अशी एक समजूत लहानथोरांच्या डोक्यात बसली होती, आणि तिच्यापायी आमच्या घरचं जे गेलं ते कायमचं गेलं. आता म्हातारपणी हे लिहायला बसलो तरी तो राग तसाच आहे.

सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईचे व्यापारी वऱ्हाडात धावले. कापूस दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या तर दोराची जाण असलेली माणसं हवीत. मळसूत्र फिरवून पेटीतला कापूस दाबतात, आणि दाब आहे तोवरच दोर आवळून गाठ बसवावी लागते. गाठ सरकली की गासडी फुगते आणि सगळी मेहनत आवारभर उडते. गाठी मारणं हे आम्हां दर्यावर्दी लोकांच्या हातात जन्मापासूनच असतं. व्यापाऱ्यांच्या मुकादमांना ते बरोबर ठाऊक होतं. आमच्या वाडीतली माणसं एकेक करून निघाली. काही मुंबईच्या धक्क्यावर गासड्या वाहायला गेली, काही माझ्यासारखी थेट अकोला-अमरावतीला पोचली.

मागे राहिला माझा मोठा भाऊ आणि त्याची होडी.

जाळं ओढायला होडीभर माणसं लागतात. ती सगळी कापसानं ओढून नेली. जाळ्यावाचून होण्यासारखी एकच मासेमारी आमच्याकडे होती, ती कुप्प्याची. शीड लावून होडी चालती ठेवायची, दोन्ही अंगांना एकेक लांब बांबू पाण्यावर आडवा काढायचा, त्याच्या टोकाला दोरी, दोरीच्या टोकाला गळ. गळाला खाणं लावायचं नाही. पांढरं पीस बांधायचं. होडी पळाली की पीस लाटेखालून बारीक मासळीसारखं पळतं आणि कुप्पा त्याच्यावर तुटून पडतो. याला दोनच माणसं पुरतात, एक सुकाणूवर आणि एक काठ्यांवर.

पण काठी हवी काठीसारखी. आमच्या परसातला बांबू पोकळ. मोठा कुप्पा लागला की पेरापाशी फटकन मोडतो. आदल्या हंगामात दादाचे दोन्ही बांबू मोडले होते, आणि एकाची कामठी त्याच्या गालात घुसली होती. त्याआधी मी घरी गेलो असताना त्याला सांगितलं होतं की वऱ्हाडात भरीव बांबू मिळतो, आतून अजिबात पोकळ नसलेला, कमानीसारखा वाकवला तरी सरळ होणारा. तेव्हा त्यानं नुसतंच हूं केलं होतं. पण ते त्याच्या मनात राहिलं होतं. पुढल्या हिवाळ्यात आमच्याच वाडीतला एकजण कामाला अकोल्यात आला आणि त्यानं दादाचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

"दोन भरीव बांबू घेवन इलंस तर नारळी पुनवेक होडी उतरवतलंय. नाय तर उतरवूचंय नाय."

एवढाच निरोप. माझ्या भावाचा स्वभाव ठाऊक असलेल्याला तो पुरे होता. तो धमकी देणारा माणूस नव्हता. होडी एकदा वर्षभर उन्हात राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग ती पाण्यात घालण्यापेक्षा चुलीत घालणं सोपं. ती होडी आमच्या वडलांनी बांधलेली. दादा त्यात वाढला होता. पाऊस लागायच्या आत मला बांबू मुंबईला पोचवायचे होते, कारण मृग लागला की किनाऱ्यानं जाणारी गलबतं बंद होतात.

मी आधी पिसांच्या मागे लागलो, कारण ती कुठंही नेता येतात. आमची गासड्यांची टोळी तोवर अमरावतीला हलली होती. बगळ्याची पांढरी पिसं नदीकाठच्या शेतात फुकट पडलेली असायची. ती मी कामावरून येता-जाता वेचायचो. सगळी चालत नाहीत. पंखाचं पीस ताठ असतं, ते पाण्यात काडीसारखं ओढलं जातं, त्यात जीव वाटत नाही. छातीवरचं मऊ पीस हवं, तेही लांब, म्हणजे पाणी लागलं की अंगाला चिकटून हलतं. त्याच्यावर एक चकचकीत पट्टी हवी, माशाच्या खवल्यासारखी चमकणारी. आम्ही घरी त्यासाठी शिंपल्याची चकती घासून लावायचो. अमरावतीत शिंपले कुठून आणू? मी बाजारात गेलो आणि बेगड मागितली.

"कोनत्या बैलासाठी?" दुकानदारानं विचारलं. तिकडे बेगड पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात, आणि त्या वर्षांत तर शिंगांना खरी चांदी लावणारे लोक निघाले होते.

"माशासाठी," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "माशाले शिंगं असतेत?"

मी बेगड घेतली आणि निघालो.

गळाच्या लांबीवरून तर माझं तिकडे नेहमी भांडण व्हायचं. मी करंगळीएवढी पिसं बांधत बसलो की जो तो शहाणपण शिकवायला यायचा, मासा एवढा मोठा म्हणतो मग हे एवढंसं काय बांधतो म्हणून. कुप्पा मोठा असला तरी त्याच्या तोंडाशी येते ती बारीक मासळी. तो तिच्या थव्यात घुसतो. तिच्याहून मोठं काही दिसलं तर बाजूनं जातो. हे मी कितीदा सांगितलं असेन! पण कापसाच्या भावानं सगळ्यांना एवढं शहाणं केलं होतं की पाणी न पाहिलेला माणूसही मला मासा शिकवत होता. आवारात येणारा एक दलाल होता, बोटांत अंगठ्या आणि तोंडात सदा पान. त्यानं एकदा हातातलं कापसाचं बोंड माझ्यापुढं टाकलं.

"हे बांध न गयाले," तो म्हणाला. गळाला ते लोक गय म्हणतात. "आमच्या कपाशीच्या गयाले इंग्रज लागला, तुया मासा नाई लागन?"

सगळे खदखदा हसले. वाक्य चांगलं होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. मी त्याला घेऊन नदीवर गेलो. एका काडीला दोन दोऱ्या बांधल्या, एकीला माझं पीस, दुसरीला त्याचा कापूस, आणि काठाकाठानं चालत दोन्ही पाण्यातून ओढल्या. कापूस भिजून वरणात पडलेल्या बोळ्यासारखा झाला आणि खाली गेला. पिसामागे मात्र बोटभर मासळी धावली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दलालानं पान थुंकलं आणि म्हणाला, "तं मंग? इंग्रजाले लागते थे बोंड, मासा आपला गरीब." पुन्हा हशा! त्या दिवसानंतर मी कोणाला काही दाखवायच्या भानगडीत पडलो नाही.

पिसं झाली. आता बांबू. चांगला भरीव बांबू मेळघाटच्या डोंगरातून उतरतो आणि परतवाड्याच्या लाकूडबाजारात पडतो. कामाच्या ऐन गर्दीत मुकादम सोडेना. गाठी मारणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी मळसूत्राचाच एक भाग. शेवटी उन्हाळ्यात नवा कापूस येणं ओसरलं तेव्हा त्यानं मला सोडलं आणि मी परतवाड्याशेजारच्या अचलपूरकडे परत जाणाऱ्या एका रिकाम्या गाडीत बसलो.

परतवाड्याला पोचलो तो बाजारात बांबूचे ढीग. पण घेणारे सगळे कापसाचे. कापूस ठेवायला मांडव, कापूस झाकायला छपरं, कापूस वाळवायला माचे. त्यांना जाड, आखूड, सरळसोट बांबू हवे. बांबूवाला माझ्याही अंगावर तसलेच फेकायला लागला. मी एकेक बाजूला करत होतो. मला हवा होता बुडाशी मनगटाएवढा आणि टोकाशी करंगळीहून बारीक, मधे कुठंही अचानक न आटलेला. पेरं जवळजवळ हवीत. सावलीत, ओढ्याकाठी वाढलेला बांबू भराभर उंच होतो, त्याची पेरं लांब पडतात, तो नको. उन्हात, खडकात वाढलेला हवा. हिरवागार नको, त्याच्या अंगात पाणी असतं आणि सुकताना तो वळतो. फार पिवळाही नको, तो ठिसूळ. नखानं टिचकी मारली की दगडासारखा आवाज यायला हवा. कुठं भुंग्यानं टोचलेलं भोक दिसलं तर तो तिथंच टाकायचा. आणि सगळं जमलं की शेंडा जमिनीला टेकवून बुडखा खाली दाबायचा आणि वाक बघायचा. वाक सगळा टोकाशी हवा आणि मग हळूहळू बुडाकडे यायला हवा.

उन्ह डोक्यावर आलं तरी माझं चालूच. बांबूवाला वैतागला.

"बांबू घेऊन राह्यला का पोरगी पाहून राह्यला?"

"पोरगी असती तर केव्हाच हो म्हणालो असतो," मी म्हणालो. खरंच होतं ते.

शेवटी मनासारखे दोन सापडले. मी ते ढिगातून ओढून काढले आणि त्यानं लगेच कुऱ्हाड उचलली. मी त्याचा हात धरला म्हणून बरं, नाहीतर तिथंच सगळं संपलं असतं. तिकडची रीतच ती. विकलेल्या बांबूचा शेंडा छाटून, साफ करूनच बांबू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. लवलवणारा शेंडा कोणाच्या कामाचा नाही, छपराला नाही, मांडवाला नाही. तो तसाच ठेवून दिला तर विकणाऱ्याची अब्रू जाते.

"असा कसा देऊ? लोक हासतीन मले," तो म्हणाला.

"हसू देत. मला शेंडाच हवाय. बाकीचा बांबू शेंडा धरून ठेवण्यासाठी आहे."

हे त्याला काही पटलं नाही. पण देताना त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि चोरीचा माल द्यावा तसे ते बांबू मला दिले. मला हसू आलं. त्या शेंड्याशिवाय काठीला अर्थ नाही हे त्याला कसं कळणार? कुप्पा गळाला लागतो तो पळत्या होडीच्या उलट पळता पळता. त्याच्या जबड्याची कड कोवळी असते. तो पहिला हिसका शेंड्यानं खायचा असतो. शेंडा नसेल तर काठी ताठ राहते आणि गळ माशाचा जबडा फाडून रिकामा परत येतो. जोड देऊनही उपयोग नाही. जोडलेला बांबू जोडावरच मोडतो.

लाकडाच्या गाडीवरून मी ते अमरावतीला आणले. तिथून पुढे खरी परीक्षा. आगगाडी तेव्हा खानदेशापर्यंतच येत होती. तिथवर जायचं ते कापसाच्या गाड्यांबरोबर. रोज गाड्यांच्या रांगा निघायच्या आणि मी रोज माझे बांबू घेऊन रांगेपुढे उभा राहायचो. गाडीवानांचा एकच प्रश्न: "कापूस हाय का?" कापूस नाही म्हटलं की तोंड फिरवलं. माणूस आजारी आहे म्हणून गाडीत घ्या म्हणणाऱ्या एका बाईपासूनही मी त्यांना तोंड फिरवताना पाहिलं. तेव्हा माझ्या बांबूंची काय कथा! उन्हाळा चढत होता आणि मी तिथंच.

एका पिकल्या मिशांच्या गाडीवानाची गासड्यांची बांधणी सैल झाली होती. मी न विचारता चढलो आणि सगळी पुन्हा आवळून दिली. तो खालून बघत होता. "हात चांगला हाय तुया," तो म्हणाला. "चाल, टाक तुये बांबू वर." मी ते गासड्यांवर आडवे टाकले, बुडखे पुढं आणि शेंडे मागं, आणि पुढं त्याच्याशेजारी बसलो. माणूस बोलका होता, मायाळूही होता. त्यानं मला आपली भाकरी दिली आणि वाटेतलं प्रत्येक गाव ओळखीचं असल्यासारखं दाखवलं. हे मी लिहितो आहे कारण पुढं जे झालं ते करणारा कोणी दुष्ट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं.

मूर्तिजापूरच्या पुढे एका नाल्यावर गाड्या थांबल्या. नाल्यात थोडं पाणी होतं. मी हातपाय धुवायला खाली उतरलो. वर आलो तर बांबू गासड्यांबरोबर सरळ रेषेत. मागं काहीच लोंबत नव्हतं. क्षणभर मला वाटलं त्यानं ते पुढं सरकवले असावेत. मग मला कापलेली तोंडं दिसली, पांढरी, ओली.

"हे काय केलंत?" मी ओरडलो. सगळ्या रांगेनं मान वळवली.

गाडीवान घाबरला नाही. त्यानं मागच्या गाडीच्या बैलाकडे बोट केलं. "त्याच्या डोयात जात होता ना शेंडा. दोनदा मान फिरवली बिचाऱ्यानं. आता जाता तं डोयाच गेला असता."

"मला सांगायचं होतंत!"

"तुले काय सांगाचं बाप्पा, शेंडाच तं होता. बांबू आहे न तसाच. आधी वाकून राह्यला होता, आता पाह्य कसा सरय झाला." तो खरंच खूश होता. माझं काम सुधारून दिलं असंच त्याला वाटत होतं.

"शेंडे कुठायत? द्या माझे शेंडे!"

"थे का?" त्यानं मागच्या गाडीवानाला हाक मारली. मागचा हसत पुढं आला. हातात माझा शेंडा, हातभर ठेवून बाकीचा तोडून टाकलेला, आणि टोकाला खिळा ठोकलेला. "तुतारी लय झ्याक झाली," तो म्हणाला. मला वाटलं तो वाजवायच्या तुतारीबद्दल बोलतोय, मला चिडवतोय. मग कळलं की तिकडे बैलाला टोचायच्या काठीला तुतारी म्हणतात. दुसऱ्या शेंड्याचीही तीच गत. परतवाड्याच्या उन्हात दिवस घालवून निवडलेली माझ्या भावाची काठी आता बैलाच्या ढुंगणात टोचायला तयार होती.

मी त्या दिवशी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. गाडीवानाला, मागच्याला, त्यांच्या बैलांना, त्यांच्या कापसाला. म्हणालो, मागं कापूस लोंबत असता तर तोडला असतात का? बैलाचा डोळा गेला असता तरी दोर आवळला असतात! आणि ते खरं होतं. गाडीवान फक्त एवढंच म्हणाला, "एवढा तापून काऊन राह्यला गड्या? पायजे तं घे बाप्पा तुतारी वापस." आणि त्यानं ती खिळा ठोकलेली काठी खरोखरच माझ्यापुढं धरली.

मी तो बैल पाहिला. त्याचा डोळा शाबूत होता आणि तो शांतपणे रवंथ करत होता. मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनात आलं, हा जर समुद्र असता तर इथं बैल असते तरी का? असले वेडे विचार संतापात येतात.

परत परतवाड्याला जाणं शक्य नव्हतं. मृग तोंडावर आला होता. उलट्या दिशेला जाणारी गाडी मिळाली असती, पण पुन्हा रेल्वेपर्यंत येणारी मिळायला किती दिवस लागले असते देव जाणे. मी बुडखे तसेच पुढं घेतले. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं भावासमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच. आगगाडीत चढताना एका बाबूनं सामान पाहिलं आणि जाऊ दिलं. शेंडे असते तर त्यानं नक्की अडवलं असतं. कापल्यामुळे बांबू डब्यात नीट बसले. त्या विचारानं मला सगळ्या प्रवासात झोप आली नाही.

मुंबईला उतरून मी थेट धक्क्यावर गेलो, मालवणकडे निघणाऱ्या गलबताची चौकशी करायला. तिथं आमच्या वाडीतलाच एक जण भेटला. त्यानं मला पाहिलं, खांद्यावरचे बांबू पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला.

"तुझो दादा हयच आसा," तो म्हणाला. "कुलाब्यार गासड्यो उचलता. तुझी वाट बघता."

दादा मुंबईत? जो माणूस घरचा धक्का सोडून कधी जेवायला बाहेर गेला नाही, तो? मी कुलाब्याला कसा पोचलो मला कळलं नाही. तिथं मैदानभर कापूस. एवढा कापूस मी वऱ्हाडातही एका जागी पाहिला नव्हता. माणसं ओळीनं गासड्या उचलून नेत होती, आणि त्या ओळीत माझा भाऊ होता. गालावर तो जुना वण, अंगाला सगळीकडे कापसाचे तंतू चिकटलेले.

त्यानं मला पाहिलं. हातातलं काम टाकून आला.

"कधी इलंस रे?"

"आताच."

"बरा केलंस. मिया होडी वर ओढून ठेवलंय, माडाच्या झापांनी झाकलंय. म्हटलं तू येशीत तोवर बसान काय करूचा, हय चार गासड्यो उचलूया. गलबतवाल्याक थांबवून ठेवलंय. परवा निघता. आपण दोघां जावया."

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि माझ्या खांद्यावरचा बांबू घेतला. बुडखा हातात तोलला. अंगठा पेरावरून पेरावर नेला. नखानं टिचकी मारून कान जवळ नेला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. तो आवडला की काही बोलत नाही, फक्त खालचा ओठ दातात धरतो. त्यानं तो धरला. बुडापासून त्याचा हात असाच सरकत सरकत पुढं गेला आणि जिथं बांबू संपला तिथं थांबला.

"शेंडो खंय?"

मी सांगितलं. सांगता सांगता ओरडायला लागलो. परतवाडा, बाजार, बांबूवाल्याची कुऱ्हाड, रांग, नाला, तुतारी. आजूबाजूची माणसं थांबून ऐकायला लागली. मला वाटलं होतं दादा माझ्यापेक्षा जास्त संतापेल. तो संतापायला हवा होता. वडलांची होडी होती.

माझं सगळं बोलून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"बैलाचो डोळो वाचलो मां?"

मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. वाचला, मी म्हणालो, बैलाचा वाचला. दादानं मान हलवली. दुसराही बांबू हातात घेऊन पाहिला, त्याचंही तोंड पाहिलं, आणि दोन्ही खाली ठेवले. मग वळून त्यानं आमच्या वाडीतल्या माणसाला हाक मारली आणि गलबतवाल्याला निरोप दिला की आमच्यासाठी थांबू नको.

"दादा," मी म्हणालो, "एवढ्यात कित्याक? घराक जावया. बघूया कायतरी."

"काय बघतलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

मागून मुकादम ओरडत होता. दादाची ओळ त्याच्यासाठी अडली होती. वऱ्हाडातून आलेल्या हलक्या गासड्या तिथं दोघादोघांत नेत, दोरात बांबू घालून खांद्यावर. दादाचा बांबू चिरला होता, त्याला त्यानं चिंधी गुंडाळली होती. त्यानं तो बाजूला टाकला. खाली वाकला आणि माझ्या दोन बांबूंपैकी एक उचलून गासडीच्या दोरातून पार घातला.

"ह्यो कापसासाठी नाय आणलेलो," मी म्हणालो. मला वाटतं मी रडत होतो.

"माका म्हायत आसा. धर तिकडचा टोक."

मी उभाच राहिलो. तो आपलं टोक खांद्याजवळ घेऊन वाकून थांबला होता, माझ्याकडे न बघता. मुकादम पुन्हा ओरडला. मी जाऊन माझं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ती गासडी उचलली. बांबू जरासुद्धा वाकला नाही.